पडद्याआडची निवड

वाद्यवृंदात माणूस घ्यायचा तर तो पडद्याआडून ऐकायचा, असा त्या सभागृहाचा नियम होता. वाजवणारा मुलगा आहे की मुलगी, कोणाचा भाचा आहे की कोणाची मेहुणी, काही कळता कामा नये. बुटांचा आवाज होऊ नये म्हणून दारापासून जाड गालिचा अंथरलेला. उमेदवारानं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. नाव नाही, फक्त नंबर. वशिल्याचा असा चोख बंदोबस्त केल्यावर मंडळी निर्धास्त झाली, आणि आत खरोखर कोण आहे हे बघायची जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

चिंगी शिंप्याची मुलगी. लहानपणापासून ती दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायोलिन घासायची आणि भिंतीपलीकडे बाबा मशीन चालवायचे. हात तयार होता, पण परीक्षा म्हटली की आखडायचा. दोन ठिकाणी ती अशीच हात हलवत परत आली होती. बाबा म्हणायचे, "घरात वाघ आणि बाहेर शेळी, असं कसं चालेल गं?"

या खेपेला पहिलं पान तिनं बरं वाजवलं. दुसऱ्या पानावर बोटं पार वरच्या टोकाला चढतात, तिथे गज थांबला. हात हलेचना. संपलं, तिला वाटलं. आता पलीकडून कोरडं 'धन्यवाद' ऐकू येईल.

पण व्हायोलिन थांबलं नव्हतं. सूर तिच्या उजव्या खांद्यामागून येत होते, अगदी जवळून आणि विलक्षण सफाईनं. गजाला नुकत्याच लावलेल्या राळेचा वास आला. मान वळवून बघायची तिची छाती झाली नाही. तुकडा संपला तशी ती खाली बघत बाहेर पडली. थोड्या वेळानं कारकून हसत हसत आला. निवड झाली होती. एक हंगाम उमेदवारी, शेवटी पुन्हा पडद्याआड परीक्षा, आणि मग कायमची नोकरी.

एखाद्या शहाण्यानं तिथल्या तिथे खरं सांगून टाकलं असतं. चिंगी मूग गिळून बसली. लबाड म्हणा हवं तर तिला. पण दोनदा उपाशी उठलेल्या माणसाच्या पानात कोणी वाढलं, तर तो वाढणाऱ्याचं तोंड निरखत बसत नाही.

बाबा बाहेर बाकावर बसून ऐकत होते. वाटेत ते म्हणाले, "सुरुवातीला तू होतीस. नंतर कोण वाजवत होतं?"

"मीच की, बाबा."

"असेल बुवा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." पण घर येईपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.

हंगामभर ती मागच्या रांगेत सगळ्यांबरोबर वाजवत राहिली. तिथे काही वावगं घडलं नाही. संचालक मात्र भेटतील तिथे विचारायचे, "त्या दिवशीचा सूर कुठे दडवलात हो? आम्हाला तोच हवाय." घरी वेगळीच तऱ्हा. सराव करताना ती थांबली, की सूर जरासा मागाहून थांबायचा. बाबा मशीन बंद करून डोकावायचे.

"कोण आहे गं आत?"

"कोणी नाही, बाबा."

आधी भीती वाटली, मग मात्र तिला संतापच आला. नोकरी लागणार तिच्या नंबरावर, आणि गोडवे गायचे दुसऱ्याचे! तिनं मनाशी ठरवलं, या परीक्षेत पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत आपणच वाजवायचं. नोकरी राहो नाहीतर जावो. वरची ती अवघड जागा तिनं बोटं हुळहुळेपर्यंत घोटली.

परीक्षेच्या सकाळी बाबा बाहेर बसले आणि ती पडद्याआड गेली. गज टेकवला आणि सुरुवात केली. अवघड जागा आली, पण हात थांबला नाही. एक सूर किंचित घसरला. तोही तिचाच होता. तिनं शेवटपर्यंत वाजवलं. गज खाली घेताना तिला हसू फुटत होतं.

पलीकडून संचालकांचा आवाज आला, "तीन नंबर, आम्ही वाट बघतोय. सुरू करा."

खांद्यामागून राळेचा वास आला. तिच्या लक्षात आलं, आता फक्त गप्प उभं राहायचं. बाकी सगळं होईल, आज आणि यापुढे रोज. दात-ओठ खात तिनं गज उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्यापेक्षा कितीतरी छान, मोकळ्या हातानं.

"अहो, आत कोणी आहे की नाही?" संचालक वैतागले. "बघा जरा."

कारकुनानं पडदा सारून डोकं आत घातलं. ती त्याच्या पुढ्यात वाजवत होती. त्याची नजर स्टँडवरून, भिंतीवरून आणि तिच्यावरून सरळ फिरून गेली.

"कोणी नाही, साहेब."

व्हायोलिन छातीशी धरून ती धावत बाहेर आली. बाबा उठून उभे राहिले.

"झालं? पहिल्या खेपेला जरा घाई केलीस. दुसऱ्यांदा काय सुरेख वाजवलंस गं, पोरी!"

तिला हुंदका आवरेना. तेवढ्यात आतून व्हायोलिन सुरू झालं. तेच ते, सफाईदार, कुठेही न घसरणारं. बाबांनी बंद दाराकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या व्हायोलिनकडे. त्यांचा चेहरा उतरला. तुकडा संपेपर्यंत दोघंही जागचे हलले नाहीत.

दार उघडलं. कारकून हसत बाहेर आला आणि त्या दोघांना ओलांडून बाकाच्या रिकाम्या टोकापाशी जाऊन थांबला. किंचित वाकून म्हणाला, "अभिनंदन, बाई. कायम झालात."

नोकरी गेल्याचं दुःख तिला झालंच, का होऊ नये? पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. तिनं बाबांची बाही घट्ट धरली.

"बाबा, मी तुम्हाला दिसतेय ना?"

"दिसतेस की," बाबा म्हणाले. "आधी ते नाक पूस."