शिव्यांची वही

ताईच्या कंपनीत माणसं दोन, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. खोली एक, टेबल एक आणि वही एक. वहीचं नाव शिव्यांची वही. दुकानदार फोनवर जे बोलेल ते एक अक्षर न गाळता तिच्यात लिहायचं आणि सोमवारी सकाळी मोठ्यानं वाचायचं, असा ताईचा दंडक. वाचताना तोंड वाकडं करायचं नाही, आणि संध्याकाळच्या आत दुरुस्ती झालीच पाहिजे!

काम तसं साधं. लाँड्री, शिंपी, रफूवाले यांच्याकडे कपडा आला की फोनवरच्या ताईच्या ॲपमध्ये फोटो काढायचा, तयार झाला की कपड्याच्या मालकाला आपोआप निरोप जायचा. वहीचं पहिलं पान लाँड्रीवाल्या मावशींचं होतं, कारण पहिलं दुकान त्यांचंच. "अगं ए शहाणे, एवढं बारीक अक्षर वाचायला मी काय भिंग घेऊन बसू? तुझ्या फोनपेक्षा माझी चिठ्ठी बरी!" ताईनं दुपारपर्यंत अक्षर दुप्पट केलं. मावशी ते विसरल्या नाहीत. पुढची सात दुकानं त्यांनीच आणली, तीही अशीच दम देऊन.

आज गुंतवणूकदार बाई येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर कंपनी चालणार, नाही म्हटलं तर दोन महिन्यांत खोलीला कुलूप. धाकट्यानं सकाळीच वही कपाटात कोंबली.

"लाज आणशील तू. पाहुण्यांना कोणी शिव्या दाखवतं का?"

त्यानं भिंतीवर झकास तक्ता लावला होता. चाळीस दुकानं, त्यांतली एकोणीस पूर्ण समाधानी. समाधानी म्हणजे वर्षभरात एकही तक्रार नाही. सगळ्यांत वर रफूवाले काका. ताईलाही त्या आकड्याचा भारी अभिमान होता.

बाई तक्ता बघत असतानाच फोन वाजला. मावशी! ताई कट करणार तोच बाई म्हणाल्या, "घ्या, मोठ्यानं लावा."

"काल रात्रीपासून फोटो उलटा येतोय गं! कॉलर खाली, बाही वर. गिऱ्हाईक काय डोक्यावर उभं राहून बघणार?"

धाकट्यानं कपाळाला हात लावला. बाई मात्र हसल्या आणि फोनकडे वाकून म्हणाल्या, "मावशी, एवढा वैताग आहे तर सोडून का देत नाही?"

"तू कोण गं मध्येच? सोडायचं असतं तर घसा कशाला कोरडा केला असता? माझी सून माझ्याशी भांडते तोवर घर आहे. ज्या दिवशी ती गप्प बसेल, त्या दिवशी समजायचं बॅग भरली. ताईला सांग, फोटो सरळ कर." फोन बंद.

बाई हसत होत्या. ताईची नजर मात्र तक्त्यावर खिळली होती. एकोणीस गप्प माणसं!

"मॅडम, माफ करा, मला आत्ताच्या आत्ता जायला हवं."

"अगं, काय करतेस!" धाकटा ओरडला. "एवढी संधी..."

"मूर्खपणा केलाय आपण, तोही भिंतीवर चिकटवून." तिनं कपाटातून वही काढली आणि जिना उतरली. बाईही मागून निघाल्या.

रफूवाल्या काकांच्या दुकानात खिळ्याला कागदी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टांगला होता. फोन खणात पडला होता.

"काका, कधीपासून?"

काका खाली मान घालून टाके घालत राहिले. "तीन महिने झाले. तू एवढी राबतेस पोरी, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"आता बोला. हातचं राखू नका."

काकांनी सुई ठेवली आणि जी सुरुवात केली! फोटोत रफूचं भोक दिसतच नाही, मग फोटो काय चाटायचा? एका हातात कापड, एका हातात सुई, बटण काय नाकानं दाबू? ताई उभ्या उभ्या लिहीत होती. पाच पानं भरली. तिचे डोळे भरून आले होते, पण छाती फुगली होती, कारण काका आता रागानं लालबुंद झाले होते. म्हणजे अजून तिचे होते.

बाईंनी वही मागितली, दारातच उभ्या राहून पहिल्या पानापासून वाचली. "माझे पैसे घ्या," त्या म्हणाल्या. "तक्ता फाडा. उरलेल्या अठरांकडे उद्यापासून तुम्हीच जा. आणि सोमवारच्या वाचनाला मला एक खुर्ची ठेवा."

संध्याकाळी फोटो सरळ झाला. ते सांगायला ताईनं मावशींना फोन केला, पैसे मिळाल्याचंही सांगितलं, वहीमुळे मिळाले म्हणून.

मावशी क्षणभर गप्प झाल्या. ताईच्या काळजाचा ठोका चुकला.

"पहिलं पान माझंच आहे ना?" मावशींनी विचारलं. "बघ हं, शेजारच्या शिंप्याला ते दाखवायला उद्या घेऊन येणार आहे मी."