चार नंबरच्या टेबलाची डावी बाजू

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तुम्ही मुलं मला मायक्रोस्कोप म्हणता, आणि सरांची पाठ फिरली की डबडं म्हणता. आपली कहाणी सांगताना वाचकांना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. नाहीतर तुमची-माझी मैत्री कसली? छत्तीस वर्षं तुम्ही माझ्या भिंगाला तेलकट बोटं लावलीत आणि माझ्या खालच्या आरशात बघून तोंडावरची मुरुमं फोडलीत. मला तुम्ही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी पितळी नळी एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घासून चकचकीत केली. पहिल्यांदा माझ्यातून बघताना तो ‘वा!’ म्हणाला. इथे आलो तेव्हा मुख्याध्यापकसुद्धा रांगेत उभे राहिले होते. पुढे विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि माझी रवानगी खिडकीजवळच्या चार नंबरच्या टेबलावर झाली. ज्यांचं कुणाशीच पटत नाही, अशा जोड्या सर माझ्या गळ्यात मारतात.

गेल्या वर्षी नववीतल्या दोघी आल्या. एकीला वर्ग ‘वकील’ म्हणायचा, कारण ती उभ्या उभ्या कुणाशीही वाद घाली. दुसरी मध्येच शाळेत दाखल झालेली. विचारल्याशिवाय बोलायची नाही, म्हणून ती ‘घुमी’. उजवीकडच्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. वकिलाने पहिल्याच दिवशी डावीकडचं स्टूल बळकावलं आणि घुमी मुकाट्याने उजवीकडे बसली.

घुमी माझ्यातून खरोखर बघायची. वकील पुस्तकातली आकृती वहीत उतरवायची आणि मधून मधून माझ्याकडे डोळा लावल्याचं नाटक करायची. एकदा काचपट्टीवर हवेचा बुडबुडा अडकला होता. वकिलाने त्यालाच मोठी पेशी समजून ऐटीत आकृती काढली, आत केंद्रकही काढलं. सरांनी वही हातात घेतली तेव्हा घुमी हळूच म्हणाली, “तो बुडबुडा आहे.” वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून वकिलाने तिच्यावर दात धरला.

दर बुधवारी ती मान खाली घालून, वहीत तोंड खुपसून शेजारी विष ओतायची. “शिष्ट कुठली. दगड आहेस दगड. तुझ्या घरी तरी कुणी बोलतं का तुझ्याशी?” घुमी ढिम्म. शिवीला शिवी मिळाली असती तर भांडण मिटलंही असतं. पण ही मान वर करेना, त्यामुळे वकिलाचा तिळपापड व्हायचा. खरं सांगतो, मलाही घुमीचा राग यायचा. इतका कसला गर्व?

आणि मग तो बुधवार. मोठा स्क्रू फिरवताना भिंग खाली कुठवर आलंय ते बाजूने बघायचं असतं, वरून डोळा लावून नव्हे. हे सर वर्षाच्या पहिल्या दिवशी घसा फोडून सांगतात. वकील डोळा लावून स्क्रू फिरवत राहिली. कट्ट! काचपट्टीचे दोन तुकडे झाले आणि माझ्या सगळ्यांत मोठ्या भिंगाला तडा गेला. मला काय वाटलं ते तुम्ही विचारणार नाही, कधी विचारलंत?

सर डावीकडून धावत आले. वकील पुटपुटली, “हिने फोडलं.”

घुमी एक शब्द बोलली नाही. सर भडकले. दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “चालती हो. या वर्षात प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही.” घुमीने ते बोट पाहिलं, मग वकिलाच्या तोंडाकडे पाहिलं. वकिलाने तोंड फिरवलं. घुमी वही उचलून निघून गेली. प्रात्यक्षिकाचे गुण गेले म्हणजे तिचं वर्ष गेल्यातच जमा होतं.

पुढच्या बुधवारी वकील एकटी होती. “नाही म्हणायचं तरी होतं! पण नाही, एवढा माज,” ती स्वतःशीच बडबडत होती. काचपट्ट्या धुणाऱ्या मावशींनी ते ऐकलं.

“माज कसला गं?” त्या खेकसल्या. “त्या पोरीला डाव्या कानाने ठार ऐकू येत नाही. माझा भाऊ तसाच आहे. एकीकडून हाक मारली की भलतीकडेच बघतो. दिसत नाही तुला?”

वकील आधी सुटल्यासारखी हसली. म्हणजे तिने काहीच ऐकलं नाही! आणि मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. काहीच नाही, म्हणजे ‘हिने फोडलं’ हेही नाही. कशाची शिक्षा झाली हेसुद्धा त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं.

ती तडक सरांसमोर जाऊन उभी राहिली. “भिंग मी फोडलं. खोटं मी बोलले.” वर्षभर मावशींबरोबर काचपट्ट्या धुण्याची शिक्षा तिला झाली, आणि घुमी परत आली.

आता गळामिठी होईल असं वाटतंय ना तुम्हाला? घुमी स्टुलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ऊठ. इकडे बस, माझ्या उजव्या बाजूला.”

वकील डुगडुगत्या स्टुलावर बसली. “सॉरी. मी तुला खूप काय काय बोललेय. तू ऐकलं नाहीस.”

“मग आता सांग.”

“कशाला गं...”

“सगळं. या कानात.”

वकिलाने सांगितलं. शिष्ट म्हणाले. दगड म्हणाले. घरचं बोलले तिथे तिचा आवाज फुटला. घुमीने डोळे पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत.

“आणखी?”

“संपलं.”

“खोटं. आठव.”

तास संपल्याची घंटा झाली तरी वकील आठवत होती आणि घुमी ऐकत होती. आज त्या मैत्रिणी आहेत का, मला माहीत नाही. पण त्या एकमेकींना सोडून दुसऱ्या टेबलावर गेल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यावर कापड घाला, मला पुसा, असं मी मागणार नाही. तुम्ही ते करणार नाही, मला ठाऊक आहे. पण शेजारी बसलेलं पोर उत्तर देत नसेल, तर त्याला दगड म्हणण्याआधी उठून त्याच्या समोर जा आणि विचारा. तेवढंही जमत नसेल तर माझ्या टेबलाजवळ फिरकू नका.