हरणी आणि उंटाची मान

कुसगावात भिमाजीच्या गोठ्यात दोन बैल, एक म्हैस आणि एक मोटार बांधलेली असे. बांधलेली म्हणजे खरंच बांधलेली. पुढच्या आकड्याला कासरा, आणि कासऱ्याचं दुसरं टोक खुंट्याला. आता ती मोटार कुठं पळून जाणार होती ते देव जाणे, पण भिमाजीचं म्हणणं, "शर्यतीचं जनावर हाय. त्याचा काय नेम?"

मोटारीचं नाव हरणी. लांबलचक, उघडी, वर कापडी टप असलेली. इटलीहून बोटीनं मुंबईत उतरलेली, आणि मुंबईहून घाट चढून लोणावळ्यात आलेली. मालक खंडाळ्याच्या टेकडीवर बंगला असलेले पारशी, जालशेठ.

नंदा लग्न होऊन या घरात आली तेव्हा हरणीच्या मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पुढच्या गादीतला काथ्या उंदरांनी नेलेला. पितळी दिवे शेवाळल्यासारखे हिरवे. नव्या सुनेला सासऱ्यानं आधी देवघर दाखवलं, मग ही मोटार, आणि दोन्हीकडं हात जोडायला लावले. नंदानं जोडले. हसू आलं ते पदराआड ठेवलं.

पुढं हिरी झाली, आणि हरणीशी नंदाची खरी गट्टी जमली. पोरगी घरात म्हणून झोपायची नाही. पाळण्यात टाकली की किंचाळायची, मांडीवर घेतली की डोळे टक्क. एक दिवस शेण काढता काढता नंदानं तिची झोळी हरणीच्या टपाच्या कमानीला टांगली, आणि पोर जी झोपली ती म्हैस धार द्यायला हंबरली तरी उठेना. तेव्हापासून हिरीची जागा तीच. खाली कोंबड्या, वर हिरी. नंदा पलीकडं कामं उरकायची आणि अधूनमधून येऊन झोळीत डोकवायची. पापण्या मिटलेल्या, मूठ वळलेली, ओठ झोपेतच दूध ओढत असलेले. तेवढं बघितलं की पुढच्या कामाला हात हलके व्हायचे.

आणि भिमाजीला सांगायला हक्काचं माणूस मिळालं. नंदा झोळीला झोका देई आणि म्हातारा पायरीवर बसून शर्यती सांगे.

"मुंबईचे बंगलेवाले शेठलोक दिवाळीला हितं यायचे. खोपोलीपास्नं निघायचं, बोरघाट चढायचा, आन उंटाची मान चढून आमच्या शेठच्या फाटकात. जो आधी पोचंल त्यो जितला. शेठ चाकावर, आन मी शेजारी. गाडी थांबली की उडी टाकून मागल्या चाकाला दगड लावायचा, ह्यो माझा हुद्दा."

उंटाची मान म्हणजे बंगल्याखालची शेवटची चढण. पायथ्याला सपाट मैदान, मग सरळ आभाळात शिरणारा रस्ता.

"पयल्या साली जितलो. दुसऱ्या साली जितलो. बाकीच्या गाड्या घाटात वाफा सोडीत हुब्या, आन आमी फाटकात बसून रासबेरीचा सोडा पितोय!"

"आणि तिसऱ्या साली, मामंजी?" नंदाला ठाऊक असायचं, तरी ती विचारायची.

"तिसऱ्या साली तर आमी आनखी हुशारी केलती. बैलगाडा पळवायचा तर सकाळी बैलाला कुणी भरपेट चारतं का? पोट जड, तर पाय जड. मी शेठला म्हनलं, हरणीलाबी निम्म्या पोटावर ठिवा. शेठ म्हनला, शाब्बास भिमाजी!"

"मग?"

"मग काय! उंटाच्या मानंवर आली, खोकली, शिंकली, आन बसली. चार गाड्या शेजारनं हसत गेल्या. दिष्ट, दुसरं काय? एक शेठाणी फाटकातनं दुर्बीण लावून बगत हुती."

जालशेठला दृष्ट पटली नाही. कुणीतरी पेट्रोलमध्ये पाणी घातलं असा त्याचा संशय. पण खरं दुखणं दुसरंच होतं, चार गाड्यांचं हसणं. गाडी माझ्या नजरेसमोर नको, म्हणाला. भिमाजीनं बैल जुंपून हरणी कुसगावला ओढत आणली, आणि एक शर्यतीचं जनावर म्हशीशेजारी म्हातारं व्हायला लागलं.

नंदाचा नवरा महिपती स्टेशनवर टांगा चालवायचा. हिरीच्या पहिल्याच वर्षी घोडा पोटशुळानं गेला. नवा घोडा घ्यावा अशी ऐपत नव्हती. परळच्या गिरणीतल्या मावसभावानं त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली. महिपतीनं लाल फुलांची पत्र्याची ट्रंक आणली आणि माजघरात ठेवली.   ट्रंकेजवळून जाताना नंदा दर वेळी वाट वाकडी करून जायची, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तशी. गिरणीत गेलेली गावातली माणसं शिमग्याला यायची, पोरं त्यांना बघून आईच्या लुगड्यात शिरायची. हिरीला नुकतंच "बा बा" म्हणता यायला लागलं होतं.

अशात जालशेठचा निरोप आला. बंगला विकला. पुढल्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारच्या आगगाडीनं तो कायमचा मुंबईला जाणार होता. भिमाजी भेटायला गेला आणि धावत परत आला.

"शेठ म्हनला, हरणी भंगारात घालायची. मी म्हनलं, शेठ, तिला पुन्यांदा हुबी करतो. तर हसला. म्हनला, जायच्या दिवशी उंटाची मान चढून आपल्या पायानं माझ्या दारात आली तर तुझी. ढकलायची न्हाई, बैल लावायचा न्हाई. न्हाई आली, तर भंगारवाला."

महिपतीनं ट्रंकेकडं पाहिलं, मग गोठ्याकडं. "मोटार चालली तर स्टेशनावरनं बंगल्यांची भाडी मारीन," तो म्हणाला. "घोड्यापेक्षा बरी. हिला पोटशूळ होत न्हाई."

आणि जे काम सुरू झालं ते सगळ्या कुसगावाची करमणूक झालं. आधी कोंबड्यांना हुसकलं. त्या रागानं घरभर अंडी घालत फिरू लागल्या, चुलीमागं, जात्याखाली, एकदा भिमाजीच्या पागोट्यात. इंजिनाचा एकेक भाग महिपतीनं रॉकेलमध्ये धुऊन घोंगडीवर मांडला आणि म्हशीला ताकीद दिली. नंदानं दिवे चिंचेनं आणि राखेनं घासले, इतके की हिरी त्यात स्वतःला बघून खिदळली. टपाचं कापड फाटलं होतं. लष्कराच्या जुन्या तंबूचं कापड आणून नंदा दाभणानं शिवायला बसली. शेजारची कस्तुराबाई येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"अगं नंदे, मोटारीला परकर शिवतीस व्हय?"

"व्हय मावशी. लग्नाला काढलीय तिला."

"आन नवरा कोन?"

"उंटाची मान!"

थोरल्या गाड्यांचे टाकून दिलेले टायर कापून बसवले. हँडल मारून मारून महिपतीचा खांदा सुजला. आणि एका संध्याकाळी हरणीनं आधी काळा धूर सोडला, मग एक मोठा ठो केला, मग चालू झाली. बैलांनी दावी तोडली. भिमाजी तिच्या नाकावर गाल टेकून उभा राहिला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. आवाजानं झोळीतली हिरी जागी होईल म्हणून नंदा धावली, तर पोरगी झोपेत हसत होती.

शनिवार उजाडला. हरणीच्या कपाळाला गुलाल, चाकांपुढं नारळ फोडलेला. महिपतीनं गुपचूप ट्रंक आणून मागं ठेवली.

"ही कशाला?" नंदानं विचारलं.

"न्हाई चढली तर तसाच स्टेशनावर जाईन," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "शेठचीच गाडी धरीन. परत घरी यायला नगं. पाय निघायचा न्हाई."

नंदा हिरीला घेऊन मागच्या गादीवर ट्रंकेशेजारी बसली. एका हातात पोर, दुसऱ्यात दुधाचा गडू आणि पोरीला पाजायचं चोचीचं बोंडलं. भिमाजी पुढं, मांडीवर जुनाच दगड. कुसगाव आधीच चालत पायथ्याकडं निघालं होतं.

लोणावळ्याच्या बाजारातून हरणी अशी गेली की टांगेवाल्यांनी टोप्या काढल्या. खंडाळा आलं. उंटाच्या मानेचा पायथा आला. वर फाटकात पांढरी टोपी दिसली. जालशेठ खुर्ची टाकून बसला होता.

हरणी चढली. अर्धी मान चढली. मग खोकली. मग शिंकली. आणि बसली.

भिमाजीनं म्हातारपणाला न शोभणारी उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावला. महिपतीनं हँडल मारलं. पुन्हा मारलं. काही नाही. पायथ्याला जमलेलं कुसगाव माना उंचावून बघायला लागलं. महिपती घाम पुसत मागं आला आणि त्यानं ट्रंकेच्या कडीला हात घातला.

नेमकी त्याच वेळी हिरी भुकेनं रडायला लागली. नंदानं डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवलं आणि पोरीला मांडीवर आडवी घेतली, डोकं इंजिनाच्या बाजूला. बोंडल्यात दूध ओतलं, चोच पोरीच्या ओठाला लावली. दूध येईना. गाडी नाक वर करून उभी, त्यामुळं दूध सगळं मागं, नंदाच्या बोटांकडं. चोच कोरडी. हिरी चोच चोखून चोखून संतापली. नंदानं तिला उलटी फिरवली, डोकं उताराकडं घेतलं, आणि बोंडलं धरलं. दूध आपोआप चोचीत आलं. हिरी गटागटा प्यायला लागली.

नंदा बोंडल्याकडं बघत राहिली.

"मामंजी," ती एकदम म्हणाली, "हिचं पोट कुठाय?"

"कुनाचं? हिरीचं?"

"हरणीचं! पेट्रोल कुठं असतंय?"

"तुज्या फुडं, आमच्या गादीखाली."

"आणि ती पिते कुठनं?"

"फुडनं. इंजिनात. नळी हाय, ओघळत जातंय."

"आज भरपेट पाजलंय का तिला?"

भिमाजी दुखावला. "शर्यतीच्या सकाळी? मला काय येडा समजलीस? निम्म्या पोटावर ठिवलीय!"

महिपतीचा हात कडीवर तसाच थांबला. त्यानं बायकोच्या हातातलं बोंडलं पाहिलं, चढण पाहिली, हरणीचं वर गेलेलं नाक पाहिलं. मग बापाकडं पाहिलं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "तुमी तिसऱ्या सालीबी असंच…"

"असंच! शेठ म्हनला शाब्बास…" भिमाजी बोलता बोलता थांबला. पागोट्यावर हात गेला. "आयला," तो म्हणाला. "म्हंजी ती शेठाणी बिचारी उगंच!"

पेट्रोल आणायला लोणावळ्याला जावं तर शेठची गाडी निघून जाणार. पण नंदानं हिरीला फिरवलं तसं हरणीलाही फिरवता येणार होतं, म्हणजे पेट्रोलही दुधासारखं पुढं येणार. दगड काढला, ब्रेक धरून महिपतीनं गाडी सपाटीवर सोडली. तिथं हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला ती गुरगुरली, आणि त्यानं ती वळवली. आता हरणीचं तोंड लोणावळ्याकडं, शेपूट जालशेठकडं. 

"वजन कमी करा," भिमाजी ओरडला, "गरज नसंल ते खाली टाका!"

नंदानं ट्रंकेला असा पाय लावला की ती कस्तुराबाईच्या पुढ्यात जाऊन पडली.

"मावशी, बसा तिच्यावर!"

महिपतीनं उलटा गिअर टाकला. मान वळवून त्याला धड दिसेना, म्हणून नंदा मागं तोंड करून गुडघ्यावर उभी राहिली, हिरी काखेत, टप दुमडलेला.

"उजवीकडं… लय झालं! डावीकडं. आता सरळ. सरळ या, दगड हाय, जरा पलीकडनं… हां!"

"हिला लगाम कुटं हाय, सारखं ओढायला!"

"बोलू नका, या!"

हरणी ढुंगण पुढं करून उंटाची मान चढत होती. खोकली नाही, शिंकली नाही. खालून कुसगाव बैलगाड्याच्या शर्यतीत ओरडतात तसं ओरडत होतं. भिमाजी दगड घेऊन शेजारून धावत होता, दगड लागलाच नाही याचं त्याला थोडं वाईटही वाटत असावं. फाटक आलं. जालशेठ खुर्चीतून उठला तो उठलेलाच राहिला. हरणी त्याच्या पायरीशी पाठ लावून थांबली, आणि सर्वांत आधी त्याला भेटली ती हिरी, ओठांवर दुधाची मिशी घेऊन.

 भिमाजीनं धापा टाकत निम्म्या पोटाची सगळी कथा सांगितली. जालशेठनं डोक्याला हात लावला.

"अरे भिमाजी! इतके वरस मी पाण्याला शिव्या दिल्या!"

"आन मी शेठाणीला."

मग दोघे म्हातारे असे हसले की हसता हसता पायरीवर बसले.

"पर शेठ," भिमाजीनं डोळे पुसत भीत भीत विचारलं, "उलटी आली. चालतंय नव्हं?"

"मी बोललो, आपल्या पायानं यायचं. तोंड कुठं पाहिजे ते मी बोललो नाय." जालशेठनं हरणीच्या गुलाल लागलेल्या कपाळावर हात फिरवला. "चल, आता तुझा मुलगा मला स्टेशनला सोडेल. सुलटा."

उतारावर हरणी सुलटीच गेली. पहिलं गिऱ्हाईक जालशेठ. पायथ्याशी कस्तुराबाई ट्रंकेवर ठाण मांडून बसली होती, तिनं तिथूनच विचारलं, "काय गं नंदे, ही आनू का स्टेशनावर?"

"घरी न्या, मावशी!" नंदा चालत्या गाडीतून ओरडली.

संध्याकाळी महिपती परतला तेव्हा आधी पेट्रोल पंपावर जाऊन आला होता. हरणीचं पोट गच्च भरलेलं होतं. त्यानं ती गोठ्यात लावली. भिमाजीनं आकड्याला कासरा बांधला. नंदानं झोळी कमानीला टांगली, हिरीला आत ठेवलं, आणि झोका दिला.

माजघरातली लाल फुलांची ट्रंक झाकण उघडी टाकून गोठ्याच्या कोपऱ्यात आली होती. आत पेंढा होता. घराघरांत हिंडून कंटाळलेली काळी कोंबडी तिच्याभोवती दोन चकरा मारून आत शिरली, नीट ऐसपैस बसली, आणि नंदाकडं अशी बघायला लागली, जशी काही ती ट्रंक कुणी तिच्यासाठीच आणली होती.