अंकमहाराजांचा आकडा

जोहे गावच्या देवळापुढे रविवारी अंकमहाराजांची रांग लागली होती. ओट्यावर काळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडा: १०४७२९. आजाऱ्याच्या वयाने त्याला भागायचं. बाकी उरली की आयुष्य उरलं. सहा महिन्यांत बाकी उरली नाही असा माणूसच आला नव्हता.

"भागा, सावकाश भागा," महाराज म्हणत. "काळ थकेल, आकडा थकणार नाही."

शेजारी गुणाजी बसलेला. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाटीवरचा आकडाही त्यानेच रंगवला होता. रांगेतल्यांना तो बायकोची गोष्ट सांगे. सगुणाचं वय बावन्न, बाकी एक. महाराज म्हणाले, एक महिना. बरोब्बर महिन्याने ती गेली. लोक हात जोडत.

धोंडुबाईने तापाने फणफणलेल्या लहानग्या किमयाला पुढे केलं. "सात वर्षांची नात हाय. पाच दिस ताप उतरत नाय."

"बाकी दोन. घरी ने. दवाखान्याची पायरी चढलीस तर बाकी जाईल."

"थांब गो आजी," मागून भाविका म्हणाली. ती गुणाजीची भाची, कासूला शाळेत गणित शिकवायची. "महाराज, मालूचं वर्षाचं पोर काल परत का पाठवलंत?"

"त्या वयाचा हिशेब देव ठेवत नाही."

"एकाने भागलं की बाकी शून्य येते, म्हणून. ही मूळसंख्या हाय. एकाने नायतर स्वतःनेच पुरी भागली जाते. दोनपासून शंभरपर्यंत कुठलंही वय घ्या, काहीतरी उरणारच. गोविंदाआजोबा एकाहत्तराव्या वर्षी वारले. त्यांचं भागा."

रिक्षावाल्या हरेशने मोबाइलवर भागलं. "चार उरले."

"मग उठवा म्हाताऱ्याला," कोणीतरी म्हणालं. रांग हसली.

गुणाजी हसला नाही. "भाविका, शेवटी नऊच्या जागी आठ असता तर? तुझ्या मामीचं?"

तिने भागून पाहिलं. "बावन्नने पुरा भाग जातो, मामा. शून्य."

"शून्य आलं असतं तर घाबरून त्याच दिवशी पेणला दवाखान्यात नेली असती."

तो उभा राहिला. कोणाकडे बघत नव्हता.

"तिच्या छातीत दुखत होतं. दोनदा म्हणाली, दाखवून येऊ. मी म्हटलं, बाकी हाय गो, पडून रहा. आणि महिन्याचं आधी कोणी बोललं नव्हतं. ती गेल्यावर मी यांना विचारलं, तेव्हा हे म्हणाले, एक म्हणजे महिना. मी तुम्हांला उलटं सांगत आलो. तसं सांगितलं नसतं, तर ती माझ्यामुळे गेली असं झालं असतं. तसंच झालंय."

महाराज पाटी उचलायला वाकले. गुणाजीने ती आधीच उचलून पालथी घातली.

"हरेश, रिक्षा काढ. धोंडुबाई, पोरीला घे. आकडा कागदावरचा, त्याला ताप येत नाय. वय सांगायचं तर डॉक्टरला सांगा. आणि माझी गोष्ट कोणाला सांगितलीत, तर आता सांगितली तशी सांगा."