गोड फक्त शनिवारी

शस्त्रक्रियेआधी मानसतज्ज्ञ बाईंनी हेडविगला सरळच विचारलं, "कधी चोरून खाता का? थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही, असं?"

"छे!" हेडविग म्हणाली.

बाई तिच्या नवऱ्याकडे, स्टेलानकडे वळल्या. "तुम्हाला घरात कधी काही आढळलं?"

काय काय आढळलं होतं त्याला! चादरींच्या कपाटात दालचिनी-पावांच्या रिकाम्या पिशव्या, गाडीच्या डिकीत चॉकलेटचे चुरगळलेले कागद. पण खरं सांगावं तर आधी खाण्याच्या आजारावर उपचार होणार आणि वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायची शस्त्रक्रिया लांबणीवर पडणार. जिना चढताना हेडविगला लागणारी धाप त्याला ऐकवत नव्हती. ती आपल्याआधी जाईल, या भीतीने त्याची झोप उडाली होती.

"आमच्याकडे गोड फक्त शनिवारी," तो म्हणाला.

"आमच्याकडेही तेच!" बाई हसल्या, आणि विषय मिटला. स्वीडनमध्ये पोरांना शनिवारीच खाऊची पिशवी मिळते. शनिवार पाळणारं घर म्हणजे शिस्तीचं घर, हे तिथे सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. शिकलेल्या बाईंनाही पुढे विचारावंसं वाटलं नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. हेडविग भराभर वाळली. शेजारची इंगेला कुंपणावरून ओरडायची, "काय रे स्टेलान, बायको बदललीस की काय?" आणि हा गडी खुशाल फुशारून जायचा.

थंडी सुरू झाली तशी हेडविग म्हणाली, "आज लाकडं तू आण." एरवी ती स्वतःच आणायची. परसातल्या खोपटात, लाकडांच्या ढिगामागे आइस्क्रीमचे डबे होते, झाकणं घट्ट लावलेली. त्याने एक उघडला. आत चघळून थुंकलेल्या गोळ्या-चॉकलेटचा रंगीबेरंगी लगदा, आणि आंबूस वास. नव्या पोटात मावत नव्हतं, गिळलं की उलटून पडत होतं, म्हणून ती नुसतं चघळत होती. आणि मग या शहाण्याने काय केलं? झाकण लावलं, डबा जागच्या जागी ठेवला आणि लाकडं घेऊन घरात आला.

"सापडली?" हेडविगने विचारलं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"सापडली की," तो म्हणाला आणि चूल पेटवायला बसला.

पुढे तिच्या उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. जेवण म्हणजे दोन घोट सूप. एकदा दुकानाच्या रांगेतच ती कोसळली. तरी भेटेल तो म्हणायचा, किती छान दिसतेस!

वर्षाच्या तपासणीला तीच खोली, त्याच बाई. "वजन फारच छान उतरलंय," त्या म्हणाल्या. "घरी सगळं ठीक ना?"

कोटात हेडविगचे खांदे खुंटीसारखे दिसत होते.

"ठीक नाही," स्टेलान म्हणाला. "ती रोज चघळून थुंकते. आधीही चोरून खायची. मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. हेडविग आता चिडेल, रडेल, असं त्याला वाटलं. पण ती हळूच त्याच्याकडे वळली. आवाज अगदी थकलेला होता.

"त्या दिवशी मी 'छे' म्हणाले ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं होतं, तू तरी सांगशील."