तुलनेच्या बायका

फरशांच्या कारखान्यात धूळ खेचणारी यंत्रं बसली आणि त्याच सुमारास कामगारांचे कपडे कारखान्यातच धुवायला सुरुवात झाली. या सगळ्याने लोकांच्या तब्येतीत काय फरक पडला, हे मोजायचं काम धाकटीकडे आलं. धाकटी ती घरात. बाहेर आरोग्याच्या अर्थशास्त्राची नावाजलेली संशोधक. तिचा दादा त्याच कारखान्यात फरशा कापायचा.

पद्धत साधी होती. बदलाआधी एकदा आणि नंतर एकदा नळीत जोरात फुंकायचं, काटा श्वासाची ताकद दाखवणार. तुलनेला कारखान्यात पाऊल न टाकणारी माणसं हवीत, म्हणून तिने कामगारांच्या बायका निवडल्या. तेच घर, तेच जेवण, फक्त धूळ नाही. आपल्या हुशारीवर बाई बेहद्द खूश होत्या.

आकडे आले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कामगारांचा श्वास सुधारला होता, पण बायकांचाही तेवढाच सुधारला होता. वजाबाकी केली की हाती भोपळा.

"म्हणजे उपयोग शून्य," व्यवस्थापक फोनवर म्हणाले. "यंत्रं कायद्याने ठेवावीच लागतील. धुलाईखाना मात्र बंद. पाणी वाचतं म्हणून पर्यावरणाच्या अहवालात मिरवला, तेही फारसं वाचत नाही. उद्याच्या बैठकीत ठरवून टाकू."

नळीच बिघडली असणार, असं म्हणून धाकटी ती घेऊन दादाच्या वरच्या मजल्यावरच्या घरी गेली.

"पुन्हा फुंकू?" वहिनी म्हणाली. "अगं, गाल दुखले माझे! फुशारक्या मारणारा तुझा दादा आहे की घरात, त्याला बसव." पण फुंक अशी मारली की काटा पार वर गेला. नळी ठणठणीत होती. बिघाड दुसरीकडेच होता.

वहिनी गॅलरीत वाळलेली चादर काढायला गेली. झटकताना तिने मान बाजूला वळवली, ओठ घट्ट मिटले. चादर तर स्वच्छ होती.

"वहिनी, श्वास कशाला रोखतेस?"

"रोखते?" वहिनीला स्वतःचंच हसू आलं. "सवय गं. ह्यांचे कामाचे कपडे इथेच झटकायचे ना पूर्वी. नुसता पांढरा धुरळा! खोकून खोकून जीव जायचा."

धाकटीने गॅलरीतून बाहेर पाहिलं. समोरच्या, कामगारांच्याच इमारतीत वरपासून खालपर्यंत गॅलऱ्याच गॅलऱ्या होत्या. त्यातल्या घराघरात ही धूळ जाऊन बसली होती, आणि दोन-चार धुलाईयंत्रांनी ती गुपचूप परत नेली होती. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी मोजलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट तिने आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्याच गोष्टीला ती शून्य म्हणायला निघाली होती.

कंत्राटी कामगारांचे कपडे अजून घरीच जात होते. तिने घाईघाईने त्यांच्या बायकांचे आकडे वेगळे काढले. त्यांचा श्वास होता तिथेच होता.

बैठकीत तिने आधी आपली चूक सांगितली.

"मग अभ्यास बाद?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"माझी तुलना बाद. बायका कारखान्यात जात नव्हत्या, पण कारखाना रोज कपड्यांतून त्यांच्या घरी येत होता. तो तुमच्या धुलाईखान्याने थांबवला."

तिने कंत्राटी घरांचे आकडे पुढे सरकवले. व्यवस्थापकांनी त्यांवरून एकेक करत बोट फिरवलं. "पाणी वाचवायला काढला होता हो आपण," ते हळूच म्हणाले. मग कंत्राटी कामगारांचेही कपडे उद्यापासून घ्यायचे ठरले.

संध्याकाळी वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि तडक गॅलरी गाठली. समोरच्या इमारतीत अगदी खालच्या मजल्यावर एका कंत्राटी कामगाराची बायको मान वळवून नवऱ्याचा सदरा झटकत होती.

"अगं ए! ठेव तो सदरा! उद्या कारखान्यात धुवायला पाठवायचाय, तुझ्या नवऱ्याचासुद्धा!" वहिनी एका दमात ओरडली.

एवढ्या उंचावरून शब्दन्‌शब्द खाली पोचला. धाकटी वहिनीकडे बघतच राहिली. खालच्या बाईने वर पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि तिला खोकल्याची उबळ आली.