चार दिवसांपूर्वी गेलेली बोट

माझ्या नवऱ्याचं, फ्लोरिसचं पोट चाचपून डॉक्टर उठला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अपेंडिक्स फुटलंय किंवा फुटायच्या बेतात आहे, इथल्या दवाखान्यात भूल द्यायला कोणी नाही, असं तो म्हणाला. विमा कंपनीचं विमान साडेचारला येणार होतं आणि पाचला उडणारच होतं, कारण इथल्या धावपट्टीला दिवे नाहीत. एवढं सांगून त्याने आमचे पासपोर्ट उघडले आणि तो थबकला.

"मादाम, यांच्यावर देश सोडल्याचा शिक्का आहे. चार दिवसांपूर्वीचा. वैमानिक यांना विमानात पाऊल ठेवू देणार नाही."

कपाळ माझं!

आता तुम्ही म्हणाल, देश सोडला होतात तर इथे काय करत होतात? सांगते. मादागास्करहून आमच्या घरी, दक्षिण आफ्रिकेला जायचं तर वारा बघून निघावं लागतं. पण निघायचा शिक्का ऑफिस उघडं असतानाच मिळतो, आणि वारा काही ऑफिसच्या वेळा पाळत नाही. म्हणून शिडाच्या बोटीवर राहणारे आम्ही सगळे एकच करतो. शिक्का घ्यायचा, पलीकडच्या बेटाआड नांगर टाकायचा आणि वारा फिरेपर्यंत गुपचूप बसायचं. कागदावर आम्ही गेलेलो असतो. अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

या वेळी व्हिसाही त्याच दिवशी संपला होता. वारा चार दिवस फिरला नाही, आणि आज सकाळी फ्लोरिस बिछान्यातून सरळ होऊ शकेना. मी एकटीने नांगर उचलला आणि पाच तास सुकाणू धरून बोट परत आणली. बोटीचं नाव 'सुझाना'. माझ्या सासूचं नाव, आणि तशीच हट्टी. पण आज बिचारीने एकदाही त्रास दिला नाही.

फ्लोरिसला दवाखान्यात ठेवून मी बंदरावरच्या पोलीस ऑफिसात धावले. तो शिक्का मारणाऱ्या मादाम व्होलोलोना टेबलावर कागद पसरून लिची सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"तुम्ही तर गेला होतात!"

"परत आलो. नवरा मरायला टेकलाय. आत आल्याचा शिक्का द्या, म्हणजे बाहेर जायचा देता येईल. पाच वाजता विमान आहे."

"आत आलात, पण कुठून?"

"समुद्रातून. निम्म्या वाटेवर होतो."

खोटं बोलताना माझा आवाज चढतो. फ्लोरिस नेहमी चिडवतो त्यावरून.

बाईंनी हात पुसले. "आजारी माणसासाठी बोट परत आली तर नियमात सोय आहे. पण ती खरंच गेली होती हे मला दिसायला हवं. लॉगबुक आणा."

"अहो, माणूस तिकडे तळमळतोय आणि तुम्हाला वह्या सुचताहेत?"

"ओरडू नका. वही आणा."

मी छोट्या होडीतून बोटीवर गेले. वही हातात घेतली, आणि शेवटची चार पानं फाडावीत असं खरोखर मनात आलं. पण लॉगबुकचं पान कुणी फाडत नाही. आमच्यात ते पाप आहे. शिवाय वही लिहिलेली आमच्या आफ्रिकान्स भाषेत. बाईंना काय कळणार आहे? मी वाचून दाखवेन, हवं ते वाचेन.

तीन वीसला वही त्यांच्या टेबलावर होती. वही नेहमी फ्लोरिसच लिहितो. तारीख, वेळ, वारा, बोटीची जागा, सगळं दर चार तासांनी, शाळेतल्या शहाण्या मुलासारखं. बाईंनी पेनाचं टोक जागेच्या रकान्यावरून खाली नेलं, पुढच्या पानावर नेलं, त्याच्याही पुढच्या. आकडे आकडेच असतात, त्यांना कुठली आलीय भाषा?

"मादाम, चार दिवस बोट तसूभर हललेली नाही."

मी वही मिटायला हात पुढे केला. बाईंनी पेन पानावरच ठेवलं.

"आणि आकड्यांशेजारी हे काय लिहिलंय? वाचा. आणि आता जे लिहिलंय तेच वाचा."

मी पहिल्या दिवसाची ओळ वाचली. "दक्षिणेचा जोरदार वारा. थांबलो." पुढची ओळ आधी मनातल्या मनात वाचली.

"वाचा ना."

"'पोट पुन्हा दुखलं. ऑफिसात बसलो होतो तेव्हाही दुखत होतं. एल्साबेला सांगायचं नाही. ती लगेच परत फिरेल, आणि कागद संपलेत. परत गेलो तर बोट जाईल.'"

एल्साबे म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी 'ताप'. तिसऱ्या दिवशी 'उलटी, ती झोपलेली असताना'. आणि सगळीकडे तेच, एल्साबेला सांगायचं नाही. मी त्याच्यापासून दोन हातांवर झोपत होते हो! मेल्या, अकरा वर्षं वाऱ्याची झुळूकसुद्धा मला सांगत आलास! मी त्या टेबलासमोर उभी राहून ढसाढसा रडले.

बाईंनी वही आपल्याकडे ओढली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी त्यांना खूप घाम येत होता. मला वाटलं, उन्हाने. माझा कार्बन पेपर संपला होता म्हणून मी त्यांना दुकानात पाठवलं. दोनदा. पहिल्यांदा त्यांनी चुकीचा आणला."

"चुकीचा नव्हता. तुम्हाला काळा हवा होता, त्याने निळा आणला."

"हो," त्या हळूच म्हणाल्या. "काळाच हवा होता मला."

घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. बाईंनी शिक्क्याची डबी उघडली, मग पुन्हा मिटली. "शिक्का देते. पण चार दिवसांची चौकशी होणार, ती मला टाळता येत नाही. तोवर बोट बंदरातून हलणार नाही, आणि तिच्यावर कप्तान हवा. तुमचे पती कप्तान आहेत. ते गेले की बोट बेवारस, आणि बेवारस बोट सरकारजमा होते."

"मग मला कप्तान करा."

"कप्तानाला बोट सोडून जाता येत नाही, मादाम. विमानातूनही नाही. कळतंय ना?"

कळत होतं. न कळायला काय झालं? मी पिशवीतून बोटीचा रबरी शिक्का काढला. ऑफिसांना शिक्के आवडतात म्हणून आम्ही सगळेच असा एक बनवून घेतो. बाईंनी पुढे केलेल्या कागदावर तो मारला आणि कप्तानाच्या जागी सही केली.

साडेचारला मी दवाखान्यात पोचले. फ्लोरिसला गाडीत चढवत होते. तोंड पांढरंफटक पडलेलं. माझ्या हातातले पासपोर्ट बघून त्याने विचारलं, "बोट?"

"बोट आहे. मी कप्तान आहे तिची. तू आता नुसता खलाशी."

"एल्सा, वही..."

"वाचली. मोठ्याने वाचली, सरकारसमोर! तू बरा होऊन ये, मग तुला बघतेच मी."

त्याने माझी दोन बोटं धरली. ताकद नव्हती, तरी सोडेना. शेवटी डॉक्टरने सोडवली.

विमान बंदरावरून गेलं तेव्हा मी डेकवर उभी होते. ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. मग खाली जाऊन वही उघडली. अकरा वर्षांत त्या वहीत मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

वेळ लिहिली, पाच वाजून सहा मिनिटं. वारा उत्तरेचा. म्हणजे फिरला होता मेला, आज फिरला होता. जागा लिहिली, बंदरात, नांगरावर. बोटीवर माणसं, एक.

मग शेजारच्या रिकाम्या जागेत लिहिलं. 'मला फार भीती वाटतेय. फ्लोरिसला सांगायचं.'